अंगणवाडी बांधीत गेली आहे

माझ्या नोकरीत मी मुलांना कमी आणि रकान्यांना जास्त खाऊ घातलं. नातेवाइकांत अजूनही माझी ओळख 'ही लहान मुलांना शिकवायची' अशीच करून देतात. मी कोणाला काही शिकवलं नाही हो! मी अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका होते. मी अहवाल घेत होते, अहवाल देत होते, आणि अहवाल का आला नाही त्याचा अहवाल लिहीत होते. निवृत्त झाले त्या दिवशी ऑफिसातल्यांनी साडी दिली, नारळ दिला आणि जाता जाता विचारलं, "मॅडम, या महिन्याचा तेवढा देऊन जाता का?" मी देऊन आले. सवय लागली की सुटत नाही.

ज्यांना या खात्याचा गंध नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. गावोगावी अंगणवाडी असते. तिथे एक सेविका आणि एक मदतनीस. सहा वर्षांच्या आतली मुलं तिथे जमवायची, त्यांना गरम खिचडी नाहीतर उसळ घालायची, डोस द्यायचे, गाणी म्हणायची. अशा वीस-पंचवीस अंगणवाड्या मिळून एक बीट, आणि त्या बीटाची मी मालकीण. महिना संपत आला की प्रत्येक सेविकेने मासिक अहवाल द्यायचा, मुलं किती, आली किती, जेवली किती, तांदूळ किती उरला. मी सगळ्यांची बेरीज करायची. आमगावच्या प्रकल्प कार्यालयात माझ्यासारख्यांच्या बेरजांची बेरीज व्हायची, ती गोंदियाला जायची, तिथून आणखी वर. वर म्हणजे कुठे ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. तिकडून परत कधी काही यायचं ते फक्त विचारणा करणारं पत्र.

भंडाऱ्यातून गोंदिया वेगळा जिल्हा झाला तेव्हा मी या कामात चांगली मुरलेली होते. छापील फॉर्मांचे गठ्ठे मात्र भंडाऱ्याच्याच नावाचे होते. ते संपेस्तोवर आम्ही प्रत्येक पानावर 'भंडारा' खोडून वर 'गोंदिया' लिहीत बसायचो. आमचा जिल्हा असा हाताने तयार झाला आहे, हे नवीन पिढीला सांगायला हवं.

प्रकल्प कार्यालयात आमचे अहवाल घ्यायला शुक्लाजी नावाचे लिपिक बसायचे. गोंदिया शहरातले, त्यामुळे बोलणं हिंदीत, रागावणंही हिंदीत. त्यांचा एकच धर्म होता, रकाना रिकामा सोडायचा नाही. काही नसेल तर 'निरंक' लिहा, पण लिहा. एकदा मी वाद घातला तर म्हणाले, "मॅडम, बच्चा भूखा चलेगा, कॉलम भूखा नहीं चलेगा." माणूस दुष्ट नव्हता बरं का. रिकाम्या रकान्यापायी त्यांनी इतकी बोलणी खाल्ली होती की त्यांना पांढरा कागद बघवत नसे.

या धर्मापायी आमच्या जिल्ह्याला एकदा समुद्र लाभला. झालं काय, एका फॉर्मात 'किनारपट्टीवरील मच्छीमार कुटुंबांतील लाभार्थी' असा रकाना आला. तो कोकणासाठी होता हे लहान पोरालाही कळेल. पण माझ्या एका सेविकेच्या गावात मोठा तलाव, तलावाच्या काठाला ढीवरांचा, म्हणजे मासेमारांचा, मोहल्ला, आणि तिथली सगळी मुलं तिच्या अंगणवाडीत. तिने इमानदारीने आकडा भरला. मी घाईत बेरीज केली, शुक्लाजी रकाना भरलेला बघून खूश झाले. महिन्याभराने वरून पत्र, भरतीच्या काळात व वादळात आहार वाटपाचे नियोजन तात्काळ सादर करावे. आम्ही सादर केलं. काय करणार? 'भरती आल्यास मुलांना उंचावरील शाळेत हलवण्यात येईल' असं मीच माझ्या हाताने लिहिलं आहे. तलावाला भरती अजून आलेली नाही, आली तर आम्ही तयार आहोत.

असल्या गमती खूप झाल्या. पण लोक विचारतात, एवढ्या वर्षांत लक्षात काय राहिलं? तेव्हा मला टोला आठवतो.

आमगावपलीकडे एक गाव आहे आणि त्या गावापासून नाल्याच्या पलीकडे त्याची एक छोटी वस्ती. आम्ही तिला टोलाच म्हणायचो. तिथे अनुसयाबाई ही सेविका होती आणि धुरपताबाई तिची मदतनीस. धुरपताबाई बोलायची नाही. तिच्या वाट्याचं अनुसया बोलायची. उंच, सावळी, दणदणीत आवाजाची बाई. बैठकीत मी काही सांगायला लागले की हिचा पहिला प्रश्न, "काऊन?" काऊन म्हणजे का, आणि मला का विचारलेलं आवडत नाही. मी चिडायचे. मी चिडले की माझा आवाज चढतो, आणि तिचा तर चढलेलाच असायचा, त्यामुळे आमची चर्चा बाहेर रस्त्यावर ऐकू जायची.

आता आमच्याकडची रोवणी समजून घ्या. आषाढ-श्रावणात धानाची पऱ्हे, म्हणजे रोपं, उपटून चिखल केलेल्या बांध्यांमध्ये, म्हणजे धानाच्या खाचरांत, लावायची, ते सगळं काम बायांचं. सकाळी गावच्या गाव बांधीत जातं. तरण्या जातात, सुना जातात, म्हाताऱ्यासुद्धा जातात, कारण रोवणीचा रोज बरा असतो. घरी कोणी उरतच नाही. मग लहान पोरं कोणाच्या भरवशावर ठेवायची? तीही जातात. दिवसभर धुऱ्यावर, म्हणजे बांधीच्या बांधावर, प्लास्टिकच्या पन्नीची खोळ डोक्यावर घेऊन बसतात. अंगणवाडी ओस पडते.

मग त्या महिन्यांचे अहवाल कसे यायचे? छान यायचे. माझ्या बीटातली मुलं कागदावर कधी बांधीत गेली नाहीत, मामाच्या गावी गेली नाहीत, कोणाला ताप आला नाही. मे महिन्यात जितकी हजर तितकीच ऑगस्टात हजर. सगळ्यांना ठाऊक होतं, सेविकांना, मला, शुक्लाजींना. हजेरी खाली गेली की वरून विचारणा येते, विचारणा आली की खुलासा द्यावा लागतो, आणि खुलासा पटला नाही की केंद्र बंद करून जवळच्या केंद्रात घालतात. त्याला आमच्या भाषेत समायोजन म्हणतात. शब्द किती सज्जन आहे बघा.

एका पावसाळ्यात अनुसयाचा अहवाल आला तो असा, केंद्रात हजर तीन-चार. आणि खाली कोपऱ्यात, रकाना नव्हताच म्हणून समासात, 'बाकी सर्व पोरं धुऱ्यावर, तेथे वाढले.'

मी तिला बोलावून घेतलं. तेव्हा कळलं की ही बाई आणि धुरपताबाई रोज केंद्रात खिचडी रांधतात, तिचा गंज, म्हणजे मोठं पातेलं, डोक्यावर घेतात आणि ज्या बांधीत रोवणी असेल तिथे चालत जातात. सगळी पोरं जेवून झाली की रिकामा गंज घेऊन परत. कोणी सांगितलं होतं? कोणी नाही. मी विचारलं तर उलट मलाच समजावायला लागली. पोरगं उपाशी रडलं की त्याची माय रोवणी टाकून धुऱ्यावर येते, मग बांधीचा मालक बोंबलतो, मग भांडण होतं, त्यापेक्षा गंज नेलेला सोपा. सगळं बरोबर होतं. पण मी म्हटलं, अनुसयाबाई, वाढा कुठेही, लिहा मात्र केंद्रात.

"मी पोरायले धुऱ्यावर वाढलं अन् लिहू केंद्रात? मंग माझे पाय कायले दुखून राहिले?"

यावर मी काय बोलणार? मी तरीही पुष्कळ बोलले. तिने ऐकून घेतलं आणि पुढच्या महिन्याचा अहवालही तसाच दिला. मी तो दाबून ठेवायचा विचार केला, पण शुक्लाजींना टोल्याचा रकाना रिकामा चालला नसता.

व्हायचं तेच झालं. पत्र आलं. एक, हजेरी अत्यल्प. दोन, केंद्राबाहेर आहार वाटप नियमबाह्य. तीन, टोल्याचं केंद्र पलीकडच्या मोठ्या गावात समायोजित का करू नये?  टोला आणि मोठं गाव यांच्या मधे नाला. पावसाळ्यात तो कधी घोट्याएवढा, कधी छातीएवढा. केंद्र पलीकडे गेलं तर टोल्याच्या मुलांना पावसाळाभर दाणा मिळणार नव्हता, आणि कागदावर मात्र ती सगळी पलीकडे जेवताना दिसली असती. अनुसयाची काळजी मला नव्हती. तिला मानधन मिळायचं ते रोवणीच्या रोजापुढे काहीच नव्हतं, ती उद्या बांधीत उतरली असती. मुलांचं काय, हे मला झोपू देईना.

अंतिम निर्णयाआधी प्रत्यक्ष तपासणीसाठी पुढच्या वर्षीच्या रोवणीत वरून एक साहेब यायचे होते. पुण्याकडचे, किडकिडीत, चष्मा, हातात पट्टीने आखल्यासारखी फाईल. तपासणी अचानक असते, म्हणजे ड्रायव्हर आदल्या दिवशी सगळ्यांना सांगतो. शुक्लाजींनी मला बाजूला घेतलं आणि सुचवलं की बच्चे जमा करो, इधर-उधर से. ही आमच्याकडची जुनी पद्धत. ज्या केंद्राची तपासणी, तिथे शेजारच्या गावची मुलं नेऊन बसवायची. काही मुलं तर इतक्या तपासण्यांना बसलेली की साहेब दिसले की न सांगता 'एक होती चिऊ' सुरू करायची. मी अनुसयाला निरोप पाठवला, काहीही कर, सकाळी मुलं केंद्रात बसव, चॉकलेटं दे, माझ्या नावावर दे. निरोप पोचल्याचं कळलं. तिने उत्तर काही दिलं नाही, तेव्हाच मी ओळखायला हवं होतं.

साहेबांचा स्वभाव जीपमध्येच कळला. मी डब्यातले पोहे पुढे केले तर हात जोडले. ज्या ठिकाणाची तपासणी करायची तिथे मी चहासुद्धा घेत नाही म्हणाले. पहाटेपासून पोटात काही नव्हतं हे त्यांनी सांगितलं नाही, पण पोटाने सांगितलं. जीप नाल्यापाशी थांबली. पाणी त्या दिवशी गुडघ्याखाली होतं. साहेबांनी पँट दुमडली, बूट हातात घेतले आणि मला विचारलं, समायोजन झालं तर मुलं याच्यातून येणार? मी हो म्हटलं. मग त्यांनी फाईल उघडून प्रस्ताव बघितला. त्यात अंतराचा रकाना होता, तो बरोबर भरलेला होता. नाल्याचा रकाना नव्हता. त्यांनी फाईल मिटली आणि ते पाण्यात उतरले. मधे एकदा घसरले तेव्हा माझा हात धरला आणि लगेच सोडला.

टोल्यावर पोचलो तर कुत्रंसुद्धा नाही. अंगणवाडीला कुलूप. दारावरच्या फळ्यावर खडूने मोठ्या अक्षरात लिहिलेलं, 'अंगणवाडी बिसेनच्या बांधीत गेली आहे.'

साहेबांनी ते दोनदा वाचलं. एकदा मनात, एकदा मोठ्याने. मला वाटलं, धरणीने पोटात घ्यावं, पण धरणी सगळी चिखलाची होती. साहेब म्हणाले, चला, बघू कुठे गेली ती. आम्ही निघालो. साहेबांनी बूट पुन्हा घातले होते. धुरा म्हणजे हातभर रुंदीचा, दोन्हीकडे पाणी, वर ओलं गवत. मी लहानपणापासून चाललेली, साहेब दोन्ही हात पसरून चालत होते. झिमझिम सुरू झाली. मी छत्री त्यांच्यावर धरायला गेले तर म्हणाले, फाईलवर धरा.

बिसेनच्या बांधीत बायांची रांग वाकून पऱ्हे लावत होती आणि गाणं चाललं होतं. आम्हाला पाहिलं तसं गाणं थांबलं. आणि मग ते झालं ज्याची मला आठवण राहायला हवी होती, पण तपासणीच्या धास्तीत राहिली नव्हती. आमच्याकडे रोवणी चालू असताना कोणी मोठा माणूस धुऱ्यावरून गेला की बाया त्याची वाट अडवतात. पऱ्ह्यांची एक पेंडी त्याच्या पायापुढे ठेवतात. त्याने काही बक्षिसी द्यायची, नाहीतर बांधीत उतरून पेंडी लावायची, मगच पुढे जायचं. तहसीलदार असो की जावई, कोणाला सूट नाही. एक म्हातारी चिखलातून सरसर आली आणि साहेबांच्या बुटांपुढे पेंडी ठेवून उभी राहिली.

मी साहेबांना पद्धत समजावून सांगितली आणि हळूच म्हटलं, देऊन टाका काहीतरी. साहेब ताठ झाले. तपासणीवर असताना घेणं नाही तसंच देणंही नाही, ते आमिष धरलं जातं. म्हातारीने ऐकलं, तिला 'आमिष' कळलं नाही, पण माणूस देणार नाही हे कळलं. ती बाजूला सरली आणि बांधीकडे बोट दाखवलं. आणि साहेब उतरले! बुटांसकट उतरले, कारण काढायचे कुठे हे त्यांना सुचलं नाही. पहिल्याच पावलाला पोटरीपर्यंत गेले. एकेक रोप ते अशा काळजीने लावत होते की जणू सही करताहेत. म्हातारी मागून येऊन प्रत्येक रोप उपटून परत लावत होती. बाया हसून हसून धुऱ्यावर बसल्या. बाहेर आले तेव्हा एका पायात बूट नव्हता. धुरपताबाईने कोपरापर्यंत हात घालून तो शोधून दिला, आणि तेव्हाही ती काही बोलली नाही.

तेवढ्यात अनुसयाने पलीकडच्या मोठ्या धुऱ्यावर गंज उघडला. मोहाच्या झाडाखाली सगळी पोरं ताटल्या घेऊन ओळीत बसली होती. गरम खिचडीची वाफ आमच्यापर्यंत आली. साहेबांच्या फॉर्मात, मला पाठ होतं म्हणून सांगते, एक प्रश्न असतो, आहाराची चव निरीक्षकाने स्वतः घेतली काय? हा प्रश्न टाळता येत नाही. साहेबांनी हात धुतले आणि म्हणाले की आहाराचा भाग आधी घेऊ, मुलांचं जेवण संपायच्या आत. ते मुलांच्या ओळीत शेवटी बसले. एका हातात ताटली, दुसरा हात खिचडीत, वरून पाऊस. म्हणून मी छत्रीखाली फॉर्म घेऊन बसले आणि ते सांगतील तसं लिहू लागले.

आहार ताजा. गरम. प्रमाण पुरेसं. चव? साहेबांनी घास खाल्ला, डोळे मिटले, म्हणाले, उत्तम. मग ताटली संपवली. नमुना लहान होता, निष्कर्षाला पुरेसा नाही, असं म्हणून त्यांनी पुन्हा घेतली. आणि माणूस इतका सरळ की तेही लिहायला लावलं. अनुसया वाढत होती, पण कान इकडेच.

मग पुढचा भाग आला, केंद्राची स्थिती. साहेबांचा आवाज एकदम ऑफिसातला झाला. मुलांकडे न बघता म्हणाले, "लिहा. भेटीच्या वेळी केंद्र बंद आढळले."

माझा पेन थांबला. खरं सांगते, माझे डोळे भरून आले, आणि मला स्वतःचाच राग आला, रडून काय उपयोग म्हणून. तोच अनुसया पळी गंजात टाकून समोर येऊन उभी राहिली. मला वाटलं, आता भांडते. पण ती भांडली नाही, जन्मात पहिल्यांदा हळू आवाजात बोलली.

"केंद्र बंद होतं त साहेब, तुमी जेवले कोठी?"

  साहेबांनी मला मागचं वाचून दाखवायला सांगितलं. मी वाचलं, आहार ताजा, गरम, चव उत्तम, निरीक्षकाने स्वतः घेतली, पुन्हा घेतली. आता केंद्र बंद होतं म्हणावं तर सरकारी आहार साहेबांनी कुठून खाल्ला? नियमबाह्य जागी नियमबाह्य वाटलेली खिचडी तपासणी अधिकाऱ्याने दोनदा खाल्ली, असा त्याचा अर्थ झाला असता. आणि तपासणी फॉर्मात खाडाखोड करायची नाही, पान बदलायचं नाही, हा नियमही त्यांच्याच सहीने निघालेला. त्यांनी मुलांकडे बघितलं. एक पोरगी ताटली चाटून झाल्यावर त्यांच्या ताटलीत उरलंय का ते बघत होती. मग त्यांनी नाल्याच्या दिशेला बघितलं. 

"लिहा," ते म्हणाले, "केंद्र सुरू आढळले. मुले हजर. स्थळ, धुरा."

मी लिहिलं. माझं अक्षर इतकं घाणेरडं पुन्हा कधी आलं नाही.

जाताना नाला वाढला होता. साहेबांना टोल्यावरच्या दोघांनी धरून पलीकडे नेलं. जीपमध्ये बसल्यावर त्यांनी मला पोहे उरलेत का विचारलं. तपासणी संपली होती, त्यामुळे चालत होतं.

मला वाटलं, संपलं. पण सरकारी कागद असा संपतो थोडाच! वरच्या यंत्रणेत केंद्राच्या जागेचे ठरलेले प्रकार होते, स्वतःची इमारत, भाड्याची, शाळा, देऊळ. धुरा त्यात बसेना, म्हणून तो 'इतर' मध्ये टाकला गेला. आणि 'इतर' म्हटलं की जास्तीचा तपशील आपोआप मागितला जातो. छत कसलं? पाण्याची सोय? परिसर हवेशीर आहे काय? शुक्लाजी डोक्याला हात लावून बसले. अनुसयाने मात्र दहा मिनिटांत भरून दिलं. छत, मोहाच्या झाडाचं. पाणी, भरपूर. हवा, लय. शुक्लाजींनी ते डोळे मिटून पुढे पाठवलं, रकाने भरलेले होते ना!

समायोजनाचा प्रस्ताव तूर्त स्थगित ठेवल्याचं पत्र आलं. 'तूर्त' हा शब्द आमच्या खात्यात कोणाच्याही नोकरीपेक्षा जास्त टिकतो, तेव्हा मी पेढे वाटले. पण त्याच्या मागोमाग परिपत्रक आलं आणि ते सगळ्यांनाच लागू. रोवणीच्या काळात आहार कामाच्या ठिकाणी जाऊन वाटावा, आणि त्याचा दर आठवड्याला वेगळा अहवाल द्यावा. म्हणजे ज्या सेविका आजवर केंद्रात बसून बिनबोभाट आकडे लिहीत होत्या, त्यांना आता डोक्यावर गंज घेऊन चिखलातून जाणं आलं. बैठकीत अनुसयाचा असा उद्धार झाला म्हणता! एकीने तर तोंडावर सांगितलं, तुझ्याच्यानं आमचे पाय तुटून राहिले. अनुसया म्हणाली, माझे त आधीच तुटले, आता सोबत झाली. सगळ्या माझ्याकडे वळल्या. मी दर आठवड्याच्या अहवालाचे फॉर्म वाटायला घेतले. दुसरं काय येतं मला?

पुढच्या पावसाळ्यात माझं बीट बघण्यासारखं होतं. सकाळी अकराच्या सुमाराला कुठल्याही रस्त्याने जा, धुऱ्यांवरून गंज चाललेले दिसायचे. खाली सेविका कुरकुरत असायच्या, ते जवळ गेल्यावर ऐकू यायचं. पण न जाऊन सांगतात कुणाला? धुऱ्यावरच्या पोरांनी दोनच दिवसांत वाट बघायला सुरुवात केली होती, आणि वाट बघणारं पोर काय असतं ते सेविकेलाच विचारा. गंज यायला उशीर झाला तर ती पोरं पुढे चालत यायची.

रोवणी आटोपली. भादव्यात नेहमीप्रमाणे मी वजनं घ्यायला निघाले. झाडाच्या फांदीला स्प्रिंगचा काटा टांगायचा, त्याच्या झोळीत मूल ठेवायचं आणि ते रडत असताना आकडा वाचायचा. आता या वजनांचं सांगते. दर वर्षी भादव्यात आमच्या मुलांची वजनं उतरलेली असायची. माझी पहिली पर्यवेक्षिका मला सांगून गेली होती, पावसाळ्यात मुलं सुकतात, हवाच तशी. मीही नवीन मुलींना तेच सांगत आले. हवा! वर्षानुवर्षं आम्ही ते उतरलेले आकडे लिहीत होतो आणि शेऱ्यात 'ऋतुमानानुसार' असं लिहीत होतो. कोणी कधी विचारणा केली नाही.

त्या वर्षी पहिल्याच गावात आकडे उतरेनात. दुसऱ्या गावात तेच. टोल्यावर तर एकेक मूल मागच्यापेक्षा वरचढ. मी काटा झटकला, हुक बदललं, स्वतःची पर्स टांगून बघितली. शेवटी ठरवलं, चिखलापाण्यात स्प्रिंग गेली. चुकीचा अहवाल दिला तर शुक्लाजी जीव घेतील. म्हणून काटा पिशवीत घालून मी गोंदियाला वजनकाटे दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानात नेला आणि सांगितलं, वजन जास्त दाखवतो आहे, नीट करून द्या.

त्याने काटा टांगला. पाच किलोचं माप लावलं, दहाचं लावलं, परत काढून परत लावलं. मग पुसून माझ्यासमोर ठेवला.

"मॅडम, काँटा एकदम सही है. बच्चे ही भारी हो गए होंगे."

मी काटा छातीशी धरून स्टँडवर आले आणि आमगावच्या बसची वाट बघत बाकावर बसले. आधी हसू आलं, मग रडू, मग दोन्ही एकदम. शेजारी बसलेली बाई आपलं बोचकं घेऊन पलीकडच्या बाकावर जाऊन बसली.